काजूचं मशीन आणि राहून गेलेली चकती

सिंधुदुर्गात काजू फोडायला बसणाऱ्या बाईचे हात लगेच ओळखू येतात. काजूबीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडीला लागलं की पोळतं, मग साल निघते आणि खाली काळे डाग राहतात. बायका बोटांना राख चोळतात, खोबरेल लावतात. आता हातमोजे मिळतात, पण मोज्यांनी बी नीट धरता येत नाही म्हणून तासाभरात ते बाजूला पडतात. माझी आई पंधरा वर्षं अशी बसली. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर कुडाळच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप चालवायला लागले, तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, ''एक मशीन असा कर, हात जळाक नको.''

हाताने आणि पायाने चालवायचं कटिंग मशीन आमच्याकडे घराघरांत आहे. दोन पाती असतात, काजूबीच्या आकाराची. मध्ये बी ठेवायची, हँडल ओढलं की पाती टरफलात शिरतात, पायाने दाबलं की टरफल उकलतं. अडचण अशी, की पातं किती खोल जाणार हे मशीन ठरवतं आणि बी मात्र प्रत्येक वेळी वेगळी असते. टरफल जेमतेम तीन मिलीमीटरचं. लहान बीला बसवलेलं पातं मोठ्या बीत गेलं की गर कापला जातो. अख्ख्या गराचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा तर विचारूच नका. मोठे कारखाने बी चाळून, आकाराप्रमाणे गट करून घेतात. घरगुती युनिटला ते परवडत नाही. वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ या सुधारित जाती आणि गावठी, सगळी बी एकाच पोत्यात येते.

माझी युक्ती साधी होती. पात्याच्या दोन्ही बाजूंना मी स्प्रिंगवर तरंगणारा एक टेकू बसवला. हँडल ओढलं की आधी टेकू टरफलाला टेकतो, आणि पातं तिथून पुढे ठरलेलं अंतरच जातं. बी लहान असो की मोठी, माप टरफलापासून धरलं जातं. वर एक झाकण दिलं, म्हणजे तेल बोटांवर न उडता खालच्या पन्हाळीत जाईल. हे नीट चालायला दोन वर्षं गेली. मे २०२२ मध्ये पहिलं मशीन सावंतवाडी तालुक्यातल्या मावसबहिणीच्या शेडमध्ये ठेवलं आणि हंगामभर तिथे त्याची परीक्षा घेतली.

जानेवारी २०२३ च्या अखेरीस जिल्ह्यात एक कृषी प्रदर्शन होतं. तिथे मशीन मांडायचं, ऑर्डरी घ्यायच्या आणि मार्चमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आत पाच-सात मशीनं द्यायची, असं आम्ही ठरवलं. स्टॉलचे पैसे भरले. पत्रक छापायला टाकलं. पेटंटचा विषय तोवर डोक्यातच नव्हता. नवऱ्याच्या एका वर्गमित्राने फोनवर विचारलं, ''पेटंट केलंस ना? नाही? मग दाखवायला कशी निघालीस?'' शोधावरचा हक्क म्हणजे पेटंट, आणि अर्जाआधी शोध लोकांना माहीत झाला की तो हक्क मिळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याच मित्राने कोल्हापूरच्या एका पेटंट एजंटचा नंबर दिला. त्यांना मी सर म्हणते.

डिसेंबर २०२२ मध्ये मशीन टेम्पोत घालून, गोणपाटाने झाकून आम्ही कोल्हापूरला गेलो. मला वाटलं होतं, सर आधी मशीन बघतील. त्यांनी आधी वही उघडली आणि विचारलं, ''आजपर्यंत हे कुणी कुणी पाहिलंय? विकलंय का, उसनं दिलंय का, फोटो कुठे टाकलाय का, कुणाला समजावून सांगितलंय का? सगळं तारखेसकट सांगा.''

मी सांगत गेले आणि माझ्या लक्षात येत गेलं की आपण किती ठिकाणी हात पोळून घेतले असते.

पहिला प्रश्न मावसबहिणीच्या शेडचा. तिच्याकडे मशीन सात-आठ महिने होतं आणि चार बायका त्यावर काम करत होत्या. सरांनी विचारलं, पैसे घेतलेत का? नाही. बिल? नाही. शेडमध्ये गिऱ्हाईक, व्यापारी येतात का? येतात, पण ते पुढच्या खोलीत. बाहेर कुणाला दाखवू नको असं तिला सांगितलं होतंत? हो, सांगितलं होतं, ते मात्र मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सरांनी मान हलवली. भारतीय कायद्यात चाचणीला थोडी जागा आहे. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात वाजवी चाचणीपुरता शोध लोकांसमोर चालवला, आणि शोधाच्या स्वरूपामुळे तसं करणं गरजेचं होतं, तर तेवढ्याने तो शिळा धरत नाहीत. पण तिथे एक रुपयाचं जरी बिल फाटलं असतं तरी त्याला चाचणी म्हणता आलं नसतं. मशीन आमच्या मालकीचं आहे, परीक्षेसाठी ठेवलं आहे, कधीपासून आहे, काय अट घातली होती, हे सगळं त्यांनी मावसबहिणीकडून एका कागदावर लिहून घ्यायला सांगितलं.

मला हे फार कडक वाटलं. घरातल्या घरात ठेवलेलं मशीन लोकांसमोर कसं काय? तेव्हा त्यांनी अमेरिकेतला एक जुना खटला सांगितला. सॅम्युअल बार्न्स नावाच्या माणसाने कॉर्सेट या घट्ट पोशाखात घालायच्या पोलादी पट्ट्या सुधारल्या आणि १८५५ मध्ये आपल्या मैत्रिणीला वापरायला दिल्या. तिने त्या वर्षानुवर्षं वापरल्या, तेही कपड्यांच्या आत, कुणाला न दिसता. पेटंटचा अर्ज झाला १८६६ मध्ये. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८१ मध्ये ते पेटंट रद्द ठरवलं, कारण तिला देताना गुप्ततेची कोणतीही अट घातली नव्हती आणि परीक्षाही चालू नव्हती. एका बाईने, एकटीने, कपड्यांखाली केलेला वापरही सार्वजनिक धरला गेला. तिकडचा कायदा वेगळा आहे, आपल्याकडे तो जसाच्या तसा लागू होत नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं. पण 'अट घातली होती का?' या प्रश्नाचं वजन मला त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रश्न व्हिडिओचा. माझ्या भाच्याने शेडमध्ये वीस-बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढून बचतगटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. कौतुकाने टाकला होता. मी विसरूनही गेले होते, नवऱ्याला आठवलं. सरांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, थांबवून थांबवून. एवढा वेळ खोलीत कुणी बोललं नाही. व्हिडिओत झाकण लावलेलं होतं. हँडल ओढताना दिसत होतं, टरफल पडताना दिसत होतं, टेकू कुठेच दिसत नव्हता. ते म्हणाले, ''हे बघून एखाद्या चांगल्या फिटरला तुमचा टेकू बांधता येईल का? नाही येणार. वाचलात. झाकण उघडं असतं तर आपलं आजचं बोलणं इथेच संपलं असतं.'' भाच्याने त्याच संध्याकाळी व्हिडिओ काढून टाकला, पण काढला म्हणून न दाखवल्यासारखं होत नाही हेही सरांनी ऐकवलं.

तिसरं प्रदर्शन. मी म्हटलं, ''सर, प्रदर्शनाला कायद्यात सवलत असते ना? आमचं सरकारी आहे.'' ही समजूत मी नंतर कितीतरी जणांकडून ऐकली आहे. सवलत आहे, बारा महिन्यांची, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून जाहीर केलेल्या प्रदर्शनाला. मंडपावर सरकारी खात्याचं नाव आहे एवढ्याने भागत नाही. आमच्या प्रदर्शनाची अशी कुठलीही अधिसूचना नव्हती. मार्च २०२४ मध्ये नियम बदलले आणि ही सवलत मागण्यासाठी ३१ नंबरचा फॉर्म आला, तेव्हा पुन्हा काही जण म्हणाले, आता आधी दाखवून मग अर्ज करता येतो. तसं काही झालेलं नाही. फॉर्म नवा आला, कलमातल्या अटी तशाच आहेत.

स्टॉलच्या तारखेला पाच आठवडे होते. पूर्ण अर्ज तेवढ्यात होणार नव्हता, म्हणून सरांनी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज, भरायचं ठरवलं. त्यात शोधाचं वर्णन द्यायचं, क्लेम, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ती वाक्यं, लगेच लागत नाहीत, आणि त्या दिवसाची तारीख मिळते. तिथून बारा महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे क्लेमसकट पूर्ण वर्णन, द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. मी एकटी अर्जदार, कंपनी नाही, त्यामुळे सरकारी फी १६०० रुपये. मोठ्या कंपनीला हीच फी ८००० असते.

वर्णन मी चार पानांत लिहून पाठवलं. ते परत आलं, कडेला लाल पेनाने प्रश्न भरलेले. टेकू स्प्रिंगनेच दाबायचा का? रबराने चालेल? वजनाने? टेकू दोन्ही बाजूंना हवाच का, एका बाजूला असला तर? पातं खालून वर येणारं असेल तर? मला या प्रश्नांचा जरा राग आला होता, कारण माझं मशीन चालत होतं आणि मला ते जसं आहे तसं सांगायचं होतं. सर म्हणाले, तुम्ही बांधलेलं एक मशीन मला नकोय, दुसरा माणूस तुमची युक्ती वापरून जितक्या तऱ्हांनी मशीन बांधेल त्या सगळ्या या कागदावर हव्यात. मग मी बसले. स्प्रिंग, रबर, वजन, सगळं आलं. चाराची अकरा पानं झाली.

त्या लाल प्रश्नांत एक असाही होता: 'पात्याची खोली बदलायची झाली तर कशी बदलाल?' मी लिहिलं, 'दोन नट सैल करून मध्ये वॉशर घालावा.' वर्कशॉपमध्ये मी तेच करत होते. त्यापुढे मी विचार केला नाही. हे वाक्य पुढे मला फार लागलं.

९ जानेवारी २०२३ ला, सोमवारी, अर्ज ऑनलाइन गेला. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे येतात. २०२३२१ ने सुरू होणारा बारा आकडी नंबर मिळाला. पत्रकावर काय छापायचं ते सरांनी बजावलं: 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' एवढं चालेल, 'पेटंटेड' असं मंजुरीआधी लिहिलं तर तो खोटा दावा होतो आणि त्याला दंड आहे. आम्ही पत्रक पुन्हा छापलं. मशीनवर पत्र्याची छोटी पट्टी लावली. प्रदर्शनात झाकण उघडून, टेकू दाखवून, हवं त्याला आत बोट घालू दिलं. चार दिवस पोटभर बोलले मी.

सगळ्यात कामाचं बोलणं गोव्याहून आलेल्या एका कारखानदाराशी झालं. ते आफ्रिकेतून बी आणतात. म्हणाले, तुमचं मशीन चांगलं आहे, पण आमच्याकडे सकाळी एक माल आणि दुपारी दुसरा. एकाचं टरफल जाड, एकाचं पातळ. बाईने दर वेळी पाना घेऊन नट सैल करायचे का? मी कुडाळला आले ते हाच विचार घेऊन. फेब्रुवारीत एका रात्री लेथवर पितळेची चकती फिरवली. चकतीला तीन पायऱ्या. बाहेरून बोटाने फिरवली की टेकूचा थांबा एक पायरी मागे-पुढे होतो. पाना नको, वॉशर नको. मावसबहिणीकडच्या बायकांनी ती पहिल्या दिवशी फिरवून बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून मला विचारणंच बंद केलं. एखादी वस्तू बरोबर जमली की असंच होतं.

एप्रिलपासून प्रत्येक मशीन चकतीसकट गेलं. दिवाळीपर्यंत चौदा गेली. प्रत्येकाचं बिल, प्रत्येकावर ती पट्टी. अर्ज झालेला आहे, नंबर मिळालेला आहे, आता मशीन आपलं, असंच मी धरून चालले होते. सरांना मी फोन केला नाही. फोन करायचा असतो हेच मला सुचलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कम्प्लीटचं काम काढलं. ड्रॉइंगसाठी सर स्वतः कुडाळला आले. मशीनभोवती एक फेरी मारली आणि चकतीपाशी थांबले. म्हणाले, ''ताई, हे जानेवारीच्या कागदांत नव्हतं.'' मी अभिमानाने सांगितलं की हे नंतरचं, आणि यामुळेच मशीन खपतंय. ''यातलं पहिलं कधी विकलंत?'' एप्रिलमध्ये. ते खुर्चीवर बसले आणि थोडा वेळ काही बोलले नाहीत.

त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे सावकाश लिहिते, कारण प्रोव्हिजनल भरलेल्या ज्या ज्या माणसाशी मी नंतर बोलले त्याला हे माहीत नव्हतं. अर्जाला एक तारीख मिळते असं आपण समजतो. खरं म्हणजे प्रत्येक क्लेमला आपापली तारीख असते. क्लेममध्ये जे मागितलंय ते प्रोव्हिजनलमध्ये खरोखर लिहिलेलं असेल, तर त्याला प्रोव्हिजनलची तारीख मिळते. नंतर कम्प्लीटमध्ये घातलेल्या गोष्टीला कम्प्लीटची तारीख. माझ्या टेकूची तारीख ९ जानेवारी २०२३, म्हणजे प्रदर्शनाच्या आधीची. त्याला धक्का नाही. चकतीची तारीख मात्र कम्प्लीट जाईल त्या दिवसाची, म्हणजे डिसेंबर २०२३. आणि डिसेंबरच्या आधी चकतीवाली चौदा मशीनं बाजारात गेलेली. ती विकली मी, पण चकती जगाला माहीत झाली एवढंच कायदा बघतो. कुणी माहीत करून दिली, याने फरक पडत नाही.

मी विचारलं, निदान टेकू आणि चकती एकत्र, असा क्लेम? तोही नाही. विकलेल्या मशीनमध्ये दोन्ही एकत्रच होती.

यातून फेब्रुवारीत सुटता आलं असतं, आणि किती सहज. चकती जमली त्या आठवड्यात फोन केला असता, तर सरांनी तिच्यापुरतं दुसरं प्रोव्हिजनल भरलं असतं. पुन्हा १६०० रुपये आणि त्यांची थोडी फी. एकाच शोधाच्या अशा जवळच्या सुधारणांची प्रोव्हिजनलं पुढे एका कम्प्लीटमध्ये एकत्र करता येतात, फक्त बारा महिने सगळ्यात पहिल्यापासून मोजायचे. मग एप्रिलमध्ये हवी तेवढी विकायची. चकती विकायची तीन आठवडे थांबवली असती तरी गिऱ्हाईक कुठे जात नव्हतं.

दुसरीही एक गोष्ट सरांनी सांगितली. प्रदर्शनात काहीच दाखवलं नसतं, तर पहिलं प्रोव्हिजनल सोडून देऊन, मशीन पूर्ण झाल्यावर नवा अर्ज करता आला असता. कम्प्लीट न दिलेलं प्रोव्हिजनल प्रसिद्ध होत नाही, गुपित गुपितच राहतं. तारीख उशिराची मिळते, एवढंच नुकसान. पण एकदा दाखवलं की त्या पहिल्या तारखेला धरूनच राहावं लागतं. मंडपात झाकण उघडलं तेव्हा मी हा रस्ता बंद केला होता.

नवरा म्हणाला, क्लेममध्ये टाकून तर द्या, मुंबईतल्या तपासणाऱ्याला आमची बिलं कुठे दिसणार? माझ्याही मनात ते आलं होतं, खोटं कशाला बोलू. सर चिडले नाहीत. ते म्हणाले, त्यांना दिसणार नाहीत, पण अर्ज प्रसिद्ध झाला की मंजुरीआधी कुणीही विरोध दाखल करू शकतो. मंजुरीनंतरही कुणावर दावा लावायला गेलात की समोरचा तुमचंच एप्रिलचं बिल कोर्टात ठेवेल. चौदा गिऱ्हाइकं म्हणजे चौदा साक्षीदार. आणि पुढे सही मला करायची आहे, असंही सर म्हणाले. मग तो विषय संपला. त्या रात्री मी जानेवारीतली अकरा पानं पुन्हा वाचली. 'मध्ये वॉशर घालावा.' तिथे दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या, खोली बाहेरून बदलता यावी म्हणून काय काय करता येईल यावर अर्धा तास डोकं घातलं असतं, तर कदाचित चकती तिथेच सुचली असती.

१८ डिसेंबर २०२३ ला कम्प्लीट गेलं. चकतीचं वर्णन आणि ड्रॉइंग त्यात आहे, पण तिच्यावर क्लेम नाही. तीस पानं आणि दहा क्लेम यांच्या आत बसवलं, म्हणजे जादा फी नाही. परदेशाचा निर्णयही तेव्हाच घ्यावा लागला, कारण प्रोव्हिजनलपासून बारा महिन्यांत बाहेर अर्ज केला तरच तिथे जानेवारीची तारीख धरतात. कच्च्या बीचं सगळ्यात मोठं उत्पादन आयव्हरी कोस्टमध्ये, गर निर्यातीत व्हिएतनाम पुढे. मोह झाला. पण तिथला खर्च आमच्या वर्कशॉपच्या वर्षभराच्या कमाईला भारी होता. सोडलं.

बाई अर्जदार असल्याचा इथे मोठा फायदा झाला. २०१९ पासून अर्जदार व्यक्ती असेल आणि त्यांत एक तरी बाई असेल, तर जलद तपासणी मागता येते. फॉर्म १८ए, फी ८००० रुपये. त्यासाठी अर्ज लवकर प्रसिद्ध करायला लागतो, त्याचा फॉर्म ९, फी २५००. एरवी अर्ज अठरा महिने झाकलेला राहतो. लवकर प्रसिद्ध करावं की नाही यावर मी खूप विचारलं, कारण लोक वाचतील आणि उचलतील ही भीती होती. पण टेकू मी मंडपातच उघडा केला होता, झाकायचं काय उरलं होतं? उलट प्रसिद्धीच्या तारखेपासूनची नुकसानभरपाई मंजुरीनंतर मागता येते, म्हणून ती तारीख जितकी लवकर तितकं बरं. पेटंट ऑफिसचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. १२ जानेवारी २०२४ च्या शुक्रवारी माझा अर्ज त्यात आला. आईला मोबाइलवर दाखवला. तिने फक्त नाव वाचलं आणि फोन परत दिला, पण दुपारी शेजारी सांगून आली.

तपासणीचा अहवाल मे महिन्यात आला. उत्तराला सहा महिने असतात. जुनी दोन पेटंटं समोर ठेवली होती, एक फळांच्या बिया फोडायच्या यंत्राचं आणि एक कवचाची फळं कापायच्या यंत्राचं, आणि म्हटलं होतं, या दोन्ही जोडून कुठल्याही कारागिराला तुमचा टेकू सुचला असता. सरांनी मला मिर्झापूरचा निकाल वाचायला दिला. पितळी भांडी लेथवर धरायच्या एका साधनाचं पेटंट होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ते टिकवलं नाही. जुनीच गोष्ट किरकोळ बदल करून वापरली, ही वर्कशॉपमधली सुधारणा झाली, शोध नव्हे, असा त्याचा सूर होता. मी लेथवर काम करणारी बाई आहे. तो निकाल वाचताना मला भीती वाटली, कारण त्या दोन शब्दांत माझं अख्खं आयुष्य बसतं.

उत्तरासाठी मावसबहिणीची वही कामाला आली. हंगामभर तिने रोजचा हिशोब लिहिला होता: किती बी, किती अख्खे गर, किती पाकळी, किती तुकडा. एकाच पोत्यातली बी, एका दिवशी जुन्या मशीनवर, एका दिवशी टेकूवाल्यावर. समोरच्या दोन्ही पेटंटांत माप यंत्राच्या चौकटीपासून धरलं होतं, टरफलापासून धरायचं कुणाच्याच डोक्यात नव्हतं, हे आम्ही दाखवलं. ऑगस्टमध्ये उत्तर गेलं. नोव्हेंबरमध्ये सुनावणी झाली, व्हिडिओवर, कुडाळच्या आमच्या ऑफिसात बसून. सरांनी मला बोलायला दिलं. मी एक लहान बी आणि एक मोठी बी कॅमेऱ्यासमोर धरून टेकू प्रत्येकीवर कसा टेकतो ते दाखवलं. अधिकाऱ्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही कामाचे. पहिला क्लेम थोडा आवळायला लागला: टेकू आणि पातं एकाच दांड्यावर सरकतात, हे त्यात घालावं लागलं. त्याने रबराची आणि वजनाची तऱ्हा आतच राहिली. लाल पेनाच्या प्रश्नांचे उपकार.

फेब्रुवारी २०२५ मध्ये पेटंट मंजूर झालं. मुदत २० वर्षं, ९ जानेवारी २०२३ पासून. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी फी भरायची, आमच्यासारख्यांना सुरुवातीला ८०० रुपये.

२०२४ च्या हंगामात मी एका दुकानात दुसऱ्या वर्कशॉपचं काजू कटिंग मशीन पाहिलं. टेकू नव्हता. पितळेची चकती होती, तीन पायऱ्यांची, बाहेरून फिरवायची. मी ती फिरवून बघितली. काम चांगलं होतं. त्यांना मी काही म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही, चकती आता सगळ्यांची आहे. पण मार्चपासून मेपर्यंत दर वर्षी ती कुठे ना कुठे दिसते, आणि दर वेळी मला तो फेब्रुवारीचा आठवडा आठवतो, ज्यात एक फोन करायचा राहिला.

आता टरफलातून गर अलगद उचलायच्या सुईवर काम चालू आहे. हाताला तेल लागतं ते खरं तर तिथेच. वर्कशॉपमध्ये दाराशी एक वही टांगली आहे. त्यात काय बदललं, कधी बदललं, कुणी पाहिलं हे रोज लिहितो, आणि बदल लिहिला की त्याच दिवशी सरांना फोन जातो. सुईचं पहिलं प्रोव्हिजनल एप्रिल २०२५ मध्ये भरलं. मे महिन्यात सुईच्या मुठीला बिजागरी बसवली. आजऱ्याच्या एका कारखान्याला मशीन हवं होतं, ते रोज विचारत होते. त्यांना थांबवलं. बिजागरीचं दुसरं प्रोव्हिजनल २ जूनला गेलं. ५ जूनला मशीन आजऱ्याला उतरवलं, आणि भाच्याला व्हिडिओ काढायला सांगितला, झाकण उघडून.